गोठा मुलांच्या हाती द्या

आगमनकाळाचा पहिला रविवार जवळ आला की आपल्या बेळगावच्या बाजारात नाताळचं सामान दिसू लागतं. कागदी चांदण्या, प्लास्टिकची झाडं, चमकत्या माळा आणि त्यांच्याच शेजारी खोक्यात बंद केलेला तयार गोठा. खोकं उघडायचं, छप्पर उभं करायचं. आत मरिया, योसेफ आणि बाळ येशू आधीच चिकटवलेले. मागे एक बटण. ते दाबलं की दिवे लुकलुकतात आणि इंग्रजी गाणं वाजतं. पाच मिनिटांत गोठा तयार, आणि सण संपला की पुन्हा खोक्यात घालून माळ्यावर.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट. तो स्पर्धेचा गोठा. पंधरा-वीस फूट लांब, मोटर लावलेला धबधबा, फिरणारी पवनचक्की, धुराचं यंत्र, छतापर्यंत डोंगर. काही ठिकाणी हे काम सरळ डेकोरेटरला दिलं जातं. परीक्षक आले की मोठी माणसं पुढे होऊन खर्च किती आला ते सांगतात. अशाच एका स्पर्धेला मी परीक्षक म्हणून गेले होते. दारात उभ्या असलेल्या सातवीतल्या मुलाला विचारलं, "यात तू काय केलंस रे?" तो म्हणाला, "काय नाही ओ बाई. मला हात लावू देत नाहीत. मोडंल म्हणतात."

वरवर पाहता हे दोन गोठे वेगळे आहेत. एक दोनशे-तीनशे रुपयांचा, दुसरा हजारोंचा. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. घरातल्या मुलानं त्यात काहीच केलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की गोठा हे पोरांनी बांधायचं घरकुल आहे. वीतभर भिंती, पेंढ्याचं छप्पर, मातीची माणसं. ते वाकडं झालं तरी चालेल, पण त्यांच्या हातचं हवं. हा हट्ट मी का धरते आणि आपल्या धर्मग्रामातल्या स्पर्धांनी काय बदलावं असं मला वाटतं, ते या पानावर मांडते. आपल्या हिंदू, मुस्लिम शेजाऱ्यांनीही वाचावं, कारण शेवटी विषय त्यांच्याही मुलांचा आहे.

गोठ्याची प्रथा कुठून आली ते आपल्याला साधारण माहीत असतं. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसनी इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगरातल्या गावी नाताळच्या रात्री पहिला गोठा मांडला. त्याचा तपशील त्यांचे चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी लिहून ठेवला आहे. नाताळला पंधराएक दिवस असताना फ्रान्सिसनी त्या गावच्या जॉन नावाच्या गृहस्थाला निरोप धाडला, की बाळ येशूची किती गैरसोय झाली, गवतावर तो कसा निजला, हे मला डोळ्यांनी बघायचं आहे. मग जॉननी काय जमवलं? गव्हाणी, वाळलेलं गवत, एक बैल आणि एक गाढव. बस. त्या गोठ्यात मूर्ती नव्हत्या. गावातले लोक मशाली, मेणबत्त्या घेऊन आले, गव्हाणीवर मिस्सा झाली आणि उपयाजक असलेल्या फ्रान्सिसनी शुभवर्तमान गायलं.

म्हणजे पहिल्या गोठ्यातलं सगळं सामान गावातलंच होतं. विकत आणलेलं बहुधा काहीच नव्हतं. आणि तो मांडला होता गरिबी दिसावी म्हणून. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. श्रीमंती दाखवायला आपण गोठा वापरू लागलो, तर ग्रेच्चोच्या नेमकं उलट्या दिशेनं निघालो.

आता शुभवर्तमान उघडून पाहा. लूकनं गव्हाणीचा उल्लेख केला आहे, उतारशाळेत जागा नव्हती असंही सांगितलं आहे. पण गोठा असा शब्द तिथे नाहीच. बैल आणि गाढव तर चारही शुभवर्तमानांत या ठिकाणी नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून, जिथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या मालकाची गव्हाणी ओळखतं असं म्हटलं आहे. मागी लोक तीन होते हेही मत्तयनं लिहिलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून आपण राजे तीन धरले. आणि मत्तयच्या लिखाणात ते लोक 'घरात' गेले असं आहे.

हे मी कुणाची श्रद्धा ढळावी म्हणून सांगत नाही. उलट यात मला मोठी सोय दिसते. ते घर कसं होतं, छप्पर कशाचं होतं, दार कुठल्या बाजूला होतं, हे पवित्र शास्त्रानं मोकळं सोडलं आहे. म्हणून प्रत्येक मुलखातल्या लोकांनी ते आपल्या घरासारखं बांधलं. इटलीत नेपल्सच्या कारागिरांनी अठराव्या शतकात गोठ्याभोवती आपला अख्खा बाजार उभा केला. मासेवाले, भाजीवाले, खानावळ, भिकारी, सगळे. त्या शहरात सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची गल्ली आजही गोठ्याच्या कारागिरांची म्हणून ओळखली जाते. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात क्रांतीच्या काळात चर्च बंद पडली, तेव्हा लोकांनी घरात लहान लहान मातीच्या मूर्ती मांडायला सुरुवात केली. त्यांना तिथे 'सांतों' म्हणजे छोटे संत म्हणतात. त्यांत चाकूला धार लावणारा आहे, पाववाला आहे, लाकडाची मोळी घेतलेली म्हातारी आहे. पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरात तर गवंडी लोक हिवाळ्यात बांधकाम बंद असताना लाकूड, पुठ्ठा आणि रंगीत चमकीचा कागद वापरून गोठे करू लागले, आणि गोठ्याला त्यांनी आकार दिला आपल्याच शहरातल्या मनोऱ्यांचा.

मग आमच्या बेळगावच्या घरात बाळ येशू बर्फात का? कापसाचा बर्फ पसरलेला, लाल विटांचं धुराडं असलेला, पाइनच्या झाडाखालचा गोठा आपल्या मुलांना काय सांगतो? हेच, की देव दुसऱ्या कुठल्या तरी देशात जन्माला येतो. आपल्याकडे डिसेंबरात काय असतं ते जरा आठवा. भातकापणी होऊन मळणी सरलेली असते. शेतात गवतगंज्या उभ्या असतात. धनगर लोक मेंढ्यांचे कळप घेऊन रिकाम्या शेतांत बसवतात, खत मिळतं म्हणून शेतकरी त्यांना बोलावतो. रात्री थंडीत घोंगडी पांघरून, शेकोटी करून ते उघड्यावर कळप राखतात. लूकच्या दुसऱ्या अध्यायातले मेंढपाळ आपल्याला शहरातून दोन-चार मैलांवर प्रत्यक्ष बघायला मिळतात. शाळेत हा पाठ घेताना मी मुलांना एवढंच सांगायची, की येत्या रविवारी बाबांबरोबर गावाबाहेर फिरून या आणि काय दिसलं ते सोमवारी सांगा. मग वेगळं समजवावं लागत नसे.

आता दुसरी गोष्ट. छोटं घर बांधून त्यात छोटी माणसं मांडणं आपल्याला परकं नाही. आपली शेजारची पोरं दिवाळीत किल्ला करतात. दगड-विटा रचायच्या, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, माती लिंपायची, हळीव पेरायचा, आरशाच्या तुकड्याचं तळं करायचं आणि वर सिंहासनावर शिवाजी महाराज. मुलींची भातुकली म्हणजे तरी काय? बोटभर चूल, नखाएवढी पोळपाट-लाटणी, इवलीशी कळशी. म्हैसूरकडे दसऱ्याला घरोघर बाहुल्या मांडतात. आपला गोठा याच रांगेतला आहे. हळीव पेरून हिरवळ करायची ती रीत आणि आपल्या घरी आजी नाचणी किंवा गहू पेरून गोठ्यासाठी हिरवळ करायची ती रीत, दोन्ही एकच. गोव्याकडून आलेल्या आपल्या घरांत ती पिढ्यान् पिढ्या चालत आली. दूर हंगेरी आणि क्रोएशियातसुद्धा १३ डिसेंबरला, संत लुसीच्या सणाला, ताटलीत गहू पेरतात आणि नाताळपर्यंत उगवलेले ते हिरवे कोंब घरात मांडतात.

म्हणून शाळेत आमच्या वर्गात गोठा व्हायचा तेव्हा तो फक्त ख्रिस्ती मुलांचा कधीच नसायचा. किल्ल्यातले मावळे यायचे, त्यांच्या अंगावर घोंगडीचा तुकडा टाकला की झाले मेंढपाळ. शिंप्याचा मुलगा पवित्र मरियेच्या झग्यासाठी निळ्या कापडाची चिंधी आणायचा. भातुकलीतली पितळी कळशी विहिरीवर जायची. एका वर्षी एका मुलानं गोठ्याकडे येणाऱ्या वाटेवर एक माणूस ठेवला. त्याच्या हातात काड्यापेटीची केलेली सुटकेस. मी विचारलं, हा कोण? तर म्हणाला, "पप्पा. यंदा त्यांना सुट्टी मिळाली नाही, पण इथं तरी येऊ दे." त्याचे वडील आखातात होते. तो माणूस आम्ही सहा जानेवारीपर्यंत रोज एकेक बोट पुढे सरकवला. तयार खोक्यातल्या गोठ्यात या माणसाला जागा नसते. तिथे सगळं आधीच चिकटवलेलं असतं.

पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चोला जाऊन गोठ्याविषयी एक पत्र प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनीही साधारण हेच म्हटलं आहे, की गोठ्यात रोजच्या जगण्यातली माणसं, लोहार, पाववाला, पाणी भरणाऱ्या बायका यावीत, आणि ही प्रथा मुलं आईवडिलांकडून, आजी-आजोबांकडून शिकतात. गोठा कसा मांडला याला फार महत्त्व नाही, तो आपल्या जगण्याशी बोलतो का याला आहे, असा त्यांचा सूर आहे. आपल्या स्पर्धेच्या गुणपत्रिकेत मात्र 'भव्यता' आणि 'रोषणाई' असे रकाने असतात.

मी गणित शिकवलं, म्हणून एक हिशोबाची गोष्टही सांगते. बाहुलीघर करणारे जगभर बहुतेक एक माप धरतात. खरा एक फूट म्हणजे घरात एक इंच. साडेपाच फुटी माणूस साडेपाच इंचाचा. साडेसहा फुटांचं दार साडेसहा इंचाचं. साडेचार फूट उंचीचा बैल साडेचार इंचाचा. हे कळलं की मूल स्वतःच विचारू लागतं, की योसेफ आठ इंचाचा आणला तर दार केवढं लागेल? आठ भागिले साडेपाच, गुणिले साडेसहा, जवळजवळ साडेनऊ इंच. गुणोत्तर शिकवायला मला यापेक्षा चांगला धडा मिळाला नाही. फळ्यावर जे पोर जांभया द्यायचं, ते फूटपट्टी घेऊन गाढवाच्या कानापर्यंतची उंची मोजायचं. बाजारच्या गोठ्यात कोकरू गाढवाएवढं असतं आणि योसेफ उभा राहिला तर त्याचं डोकं छपरातून बाहेर जाईल. मुलांना ते लगेच दिसतं. आपल्यालाच दिसत नाही.

यावर लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पहिली तक्रार वेळेची. मुलांना ट्यूशन, परीक्षा, आईवडील दोघंही कामावर. बरोबर आहे. पण आगमनकाळाचे चार रविवार आहेत आणि मी रोज मागत नाही, रविवारचा एक तास मागते. पहिल्या रविवारी फळवाल्याकडून लाकडी खोका किंवा दुकानातून जाड पुठ्ठ्याचं खोकं आणा आणि आडवं ठेवा. झालं घर. दुसऱ्या रविवारी छप्पर करा. बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या बांधून त्यावर भाताचं पिंजर नाहीतर उसाचं पाचट. त्याच आठवड्यात ताटलीत माती घालून नाचणी किंवा गहू टाका, दहा-बारा दिवसांत बोटभर हिरवळ येते. हळीव याहून लवकर येतो, तो मागून टाका. तिसऱ्या रविवारी डोंगर. सिमेंटच्या पोत्याचा कागद चुरगळून, खळ लावून, गेरूचा हात फिरवला की डोंगर उभा. वाटेवर लाकडाचा भुसा. चौथ्या रविवारी माणसं आणि जनावरं. गव्हाणी मात्र रिकामी. बाळ येशू मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर घरातल्या सर्वांत लहान मुलानं ठेवायचा. तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रोज थोडे थोडे पुढे आणत प्रभूप्रकटीकरणाच्या सणाला पोचवायचे. वाट पाहणं म्हणजे काय, हे मुलाला प्रवचनापेक्षा इथे जास्त कळतं.

दुसरी तक्रार जागेची. फ्लॅटमध्ये गोठा कुठे करणार? म्हणूनच मी घरकुल म्हणते. फळाच्या एका खोक्यात मावणारा गोठा फ्रीजवर, शिवणयंत्रावर, खिडकीत कुठेही बसतो. वीस फूट अंगण नसलं म्हणून कुणाचा नाताळ अडत नाही.

तिसरी तक्रार जरा खोलवरची आहे आणि ती आई-बाप उघड बोलत नाहीत. मुलांनी केलेला गोठा 'चांगला दिसत नाही'. पाहुणे येणार, कुस्वाराची ताटं घेऊन शेजारी येणार, फोटो काढणार. मग वाकडी भिंत आणि डुकरासारखं दिसणारं गाढव कसं ठेवायचं? याला माझं उत्तर असं, की ज्याच्या जन्माला राहती खोली मिळाली नाही, त्याला वाकडी भिंत चालते. आपल्यालाच चालत नाही. शेजारी काय बघायला येतात तेही एकदा विचारून पाहा. माझा अनुभव असा, की तयार गोठ्यासमोर लोक दोन मिनिटं उभे राहतात आणि चहाकडे वळतात. पोरांनी केलेल्या गोठ्यासमोर पोरंच हाताला धरून त्यांना बसवतात आणि हे कोण, ते कोण, सांगत राहतात. शेजारच्या मुलांना तर लगेच हात लावायचा असतो. लावू द्या. मोडलं तर परत करता येतं, मातीचंच आहे.

आणि मातीचं का, तेही सांगते. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. ती कायद्याची गोष्ट झाली. पण मुळात त्याची गरज काय? आपल्याच जिल्ह्यात खानापूरला कुंभारकामाची परंपरा आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था तिथे आहे. गोकाकची लाकडी रंगीत खेळणी आणि फळं प्रसिद्ध आहेत. घाट उतरून गेलं की सावंतवाडीची लाकडी खेळणी. परदेशी साच्यातली प्लास्टिकची मेंढरं आणण्यापेक्षा एखादा बैल, एखादी गाय यांच्याकडून घ्या. दर वर्षी एकच नग घ्या. दहा वर्षांत घराचा आपला असा गोठा होईल आणि मूल मोठं होऊन दूर गेलं तरी कुठला बैल कुठल्या वर्षीचा हे त्याला आठवत राहील. बाकीची माणसं घरीच मातीची करा. एक काळजी मात्र घ्या. वाळलेलं पिंजर आणि पेटती मेणबत्ती जवळ नको, आणि आतल्या दिव्याची वायर कुठे उघडी नको. जुन्या तापणाऱ्या बल्बपेक्षा एलईडीची एक छोटी माळ पुरे.

आता स्पर्धेविषयी. स्पर्धा बंद करा असं मी म्हणणार नाही. क्राकूव्हमध्ये गोठ्यांची स्पर्धा १९३७ साली सुरू झाली, युद्धाच्या काळात खंड पडला, पण ती आजही डिसेंबरात मुख्य चौकात भरते. तिथे मुलांचे गोठेही असतात, आणि २०१८ साली युनेस्कोनं ती परंपरा आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. स्पर्धेमुळे तिथे कला टिकली. आपल्याकडे काही ठिकाणी स्पर्धेमुळे गरीब घरं मागे सरली. भाड्याच्या खोलीत राहणारी एक बाई मला म्हणाली, "आम्ही नाव देत नाही ओ बाई. त्यांच्या त्या धबधब्यापुढं आमचं खोकं कशाला दाखवायचं?" ज्या गोष्टीत गरिबाला आपलं घर दाखवायची लाज वाटते, तिला ख्रिस्तजन्माचा देखावा कसं म्हणायचं? दोष स्पर्धेचा नाही, नियमांचा आहे. नियम आपल्या हातात आहेत.

म्हणून आपल्या धर्मग्रामातल्या फादरांना, पॅरिश कौन्सिलला आणि युवकांना माझ्या काही नम्र सूचना आहेत.

पहिली, मुलांच्या गोठ्यासाठी वेगळा गट ठेवा. वय चौदापर्यंत, आकार एका खोक्याएवढा, आणि विकत आणलेल्या सामानाची मर्यादा दोनशे रुपये. आजी-आजोबांची मदत चालेल, डेकोरेटरची नाही.

दुसरी, परीक्षकांनी गोठ्याकडे कमी आणि मुलाकडे जास्त बघावं. हे कोण आहे, इथे का ठेवलंस, हे कशाचं केलंस, असे तीन प्रश्न विचारावेत आणि गुण उत्तरांना द्यावेत. 'भव्यता' हा रकाना काढून टाकावा.

तिसरी, ज्या मुलांनी शेजारच्या दुसऱ्या धर्माच्या मित्रांबरोबर मिळून गोठा केला, त्यांचं खास कौतुक व्हावं. दिवाळीत आपली मुलं त्यांच्या किल्ल्याला दगड वाहून नेतात. नाताळात ती आपल्याकडे पिंजर घेऊन येतील.

चौथी, पहिला-दुसरा-तिसरा नंबर काढण्याऐवजी सगळ्यांना सारखी भेट द्या. गोकाकचं किंवा सावंतवाडीचं एकेक खेळणं द्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गोठ्याची तयारी होईल. मोठ्या बक्षिसाचे पैसे वाचतील, ते ज्या घरी यंदा नाताळ करायची ऐपत नाही तिथे जाऊ द्या.

पाचवी, दर वॉर्डातल्या मुलांनी एक जादा गोठा करावा, जे वृद्ध आता जिना उतरून मिस्सेला येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी. असे किती जण आहेत याची यादी फादरांकडे असतेच, कारण ते त्यांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देतात. मुलांनी तो गोठा घेऊन जावं आणि बाळ येशूची मूर्ती त्या आजी-आजोबांच्या हातानं गव्हाणीत ठेवून घ्यावी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्यांनी गोठा कसा केला होता ते ऐकून यावं. तारेची चांदणी, शहाळ्याच्या करवंटीचं दगडी वाटणारं कुंपण, चिंचोक्यांची वाट, अशा कितीतरी युक्त्या त्यांच्याबरोबर संपून जातील. त्या मुलांच्या वहीत उतरल्या तर आपल्या समाजाचा ठेवा राहील.

सहावी सूचना घरच्यांसाठी. सण झाल्यावर गोठा कचऱ्यात टाकू नका. माती कुंडीत, हिरवळ आणि पिंजर गाई-शेळीला, कामट्या पुढच्या वर्षीच्या चांदणीला. माणसं मात्र एका डब्यात, कापसात गुंडाळून. तो डबा मुलानं ठेवायचा, मुलानंच काढायचा.

आज कितीतरी मुलांना गव्हाणी म्हणजे काय हे माहीत नसतं. गोठ्याचा वास त्यांनी घेतलेला नाही, पिंजर हाताला कसं टोचतं ते ठाऊक नाही. त्यांना आपण दर वर्षी सांगतो, की देव गव्हाणीत जन्मला, आणि ती मान डोलावतात. शब्द पाठ आहेत, वस्तू दिसलेली नाही. एक फळाचं खोकं, मूठभर पिंजर आणि रविवारचे चार तास एवढ्यात ती वस्तू त्यांच्या हातात येते. ज्यानं स्वतः गव्हाणी बांधली, त्यात पिंजर टोचू नये म्हणून मऊ चिंधी अंथरली, त्याला नाताळ काय आहे हे पुन्हा सांगावं लागत नाही.

यंदा बाजारात गेलात आणि ते बटणाचं खोकं हातात आलं, तर परत ठेवा. फळवाल्याकडे जा आणि रिकामा खोका मागा. बहुतेक तो पैसेही घेणार नाही.

— एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव